दुर्गाडीच्या काठावरची नौका

भिवंडीहून कोनमार्गे कल्याणात येताना खाडीवरचा पूल लागतो. पूल ओलांडला की दुर्गाडी किल्ल्याची टेकडी आणि तिच्या जवळ, खाडीच्या काठावर, जमिनीवर उभी केलेली एक युद्धनौका नजरेत भरते. बाहेरगावचा पाहुणा सोबत असला की तो हमखास विचारतो, "ही बोट इथे कशी?" कल्याणकरांना मात्र आता तिची सवय झाली आहे. रिक्षावाले तिच्यावरून पत्ता सांगतात, मुले तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात.

आमच्या उर्दू शाळेतली नववीची मुले घेऊन आम्ही तिथे गेलो तेव्हा एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. "पाणी इतके जवळ असताना हिला जमिनीवर का ठेवली?" प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हाला दोन हजार वर्षे मागे जावे लागले आणि परत आपल्याच मोहल्ल्यात यावे लागले. तीच सफर इथे मांडत आहोत.

नौकेची ओळख

या नौकेचे नाव आयएनएस टी-८०. मुंबई बंदराजवळच्या उथळ पाण्यात वेगाने धावता यावे म्हणून खास बनवलेल्या नौकांपैकी ही पहिली. इस्रायलमधील रामता कारखान्यात ती बांधली गेली आणि २४ जून १९९८ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तेवीस वर्षे किनाऱ्याची राखण करून ३० सप्टेंबर २०२१ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये नौदल आणि स्मार्ट कल्याण डोंबिवली डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांच्यात करार झाला. दुर्गाडीजवळ नौदलाचे संग्रहालय उभारायचे आणि ही नौका तिथे स्मारक म्हणून ठेवायची, असे ठरले. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईच्या नौदल गोदीतून तिने कल्याणसाठी शेवटचा प्रवास सुरू केला.

मुंबई ते कल्याण हे अंतर आपण लोकलने तासाभरात कापतो. रेल्वेच्या हिशेबाने ते जेमतेम ५४ किलोमीटर आहे. पण ज्या नौकेने तेवीस वर्षे स्वतःच्या बळावर समुद्र कापला, तिला निवृत्तीनंतर एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे हे मोठेच काम असते.

नौका न्यायची कशी?

पाण्यात नौकेचे वजन पाणी झेलते. तिच्या पोटाला सगळीकडून सारखा आधार असतो. तीच नौका जमिनीवर आणली की सगळा भार दोन-चार जागी येतो आणि तिची कंबर मोडण्याची भीती असते. म्हणून आधी तिच्या पोटाच्या आकाराची लोखंडी बैठक तयार करावी लागते. रुंद पट्टे पोटाखालून घालून, क्रेन लावून तिला सावकाश उचलायचे, बैठकीवर ठेवायचे आणि मग अनेक चाकांच्या लांब ट्रेलरवर चढवायचे. चाके जितकी जास्त, तितका रस्त्यावरचा भार वाटला जातो. पुढे रस्त्याची परीक्षा सुरू होते. विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या, कमानी, वळणे, पूल. वाहतूक पोलिसांची परवानगी लागते आणि बहुतेक वेळा रात्रीच निघावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे टी-८० चीच धाकटी बहीण, टी-८१. ती गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली आणि १९९९ मध्ये नौदलात आली. लांबी सुमारे २५ मीटर, म्हणजे दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी होईल तेवढी. वजन सुमारे ६० टन. जानेवारी २०२१ मध्ये ती निवृत्त झाली आणि केरळमधल्या अलप्पुझाच्या समुद्रकिनाऱ्यावर, तिथल्या बंदर संग्रहालयासाठी तिला न्यायचे ठरले.

अलप्पुझा हे कालव्यांचे गाव. अठराव्या शतकात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी हे बंदर वसवले तेव्हा बाजारपेठ आणि समुद्र यांना जोडणारे कालवे खोदले गेले. काथ्या, मिरी, वेलदोडे होड्यांतून या कालव्यांनी किनाऱ्यापर्यंत येत. असे गाव, आणि तिथे एक नौका न्यायची! वाटेल की पाण्यानेच नेली असेल. काही अंतर तशी ती गेलीही. कोचीकडून वेंबनाड सरोवरातून तण्णीरमुक्कमपर्यंत ती पाण्याने आली. पण तिथून पुढे तिला ट्रेलरवरच बसावे लागले. अरुंद कालव्यांतून एवढी नौका जाणे शक्य नव्हते. रस्त्यानेही ती सहज गेली नाही. समुद्रकिनारा समोर दिसत असताना मध्ये बायपासचा उंच पूल आडवा आला. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रेन लावून तिला उचलले आणि पुलावरून पलीकडे उतरवले. बघायला सारे गाव लोटले होते.

दोन मार्ग

नौका जमिनीवरून नेण्याची ही कल्पना नवी नाही. आपल्या घरांत कुस्तुंतुनियाच्या विजयाची गोष्ट मुलांना सांगितली जाते. शहराला लागून असलेल्या गोल्डन हॉर्न खाडीच्या तोंडावर जाड साखळी ताणलेली होती. जहाजे आत शिरू शकत नव्हती. तेव्हा २१ वर्षांच्या सुलतान मुहम्मद फातेह यांनी गलाताच्या टेकडीवरून लाकडी ओंडक्यांची वाट तयार करवली, ओंडक्यांना चरबी फासली आणि २२ एप्रिल १४५३ रोजी बैल आणि माणसे लावून सुमारे सत्तर जहाजे टेकडीपलीकडे खाडीत उतरवली. त्याच्याही आधी, ११७० मध्ये, सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांनी लाल समुद्रावरचे अयला घेण्यासाठी सुटे भाग केलेली जहाजे उंटांवर लादून वाळवंटातून नेली आणि किनाऱ्यावर जोडली.

पण आमच्या मते याहून मोठी गोष्ट तिसरी आहे आणि ती मुलांना फारशी सांगितली जात नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी १८ मध्ये, हिजाझमध्ये भयंकर दुष्काळ पडला. मिसरमध्ये धान्य होते, पण ते मदिनेपर्यंत आणायचे कसे? उंटांच्या तांड्यांना वेळ लागत होता. तेव्हा हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी नाईल नदीला लाल समुद्राशी जोडणारा, गाळाने बुजलेला जुना कालवा पुन्हा खोदून घेतला. त्याला ‘खलीज अमीरुल मोमिनीन’ असे नाव पडले. फुस्तातहून निघालेल्या धान्याच्या नावा या कालव्याने कुलझुमला आणि तिथून समुद्राने मदिनेजवळच्या जार बंदरात येऊ लागल्या.

म्हणजे मार्ग दोन. नाव उचलून पाण्यापर्यंत न्यायची, नाहीतर पाणी नावेपर्यंत आणायचे. पहिल्यात थाटमाट असतो, काही दिवसांत काम होते आणि लोक शतकानुशतके त्याच्या गोष्टी सांगतात. दुसऱ्यात रोजची मेहनत असते. कालवा एकदा खोदून भागत नाही, तो पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. उपसणे थांबले तसा खलीज अमीरुल मोमिनीन पुढे गाळाने भरत गेला आणि अब्बासी खलीफा मन्सूर यांच्या काळात बंदच करण्यात आला. पाण्याची वाट खोदणाऱ्याइतकीच ती जपणाऱ्यावर अवलंबून असते.

जेव्हा नावा आपणहून येत

कल्याणला हे दोन्ही मार्ग कधी लागले नाहीत, कारण अल्लाहने इथे पाणी दारातच आणून दिले होते. राजमाचीच्या डोंगरातून उल्हास नदी येते. भातसा नदीचे पाणी घेऊन काळू नदी येते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. पुढे ठाण्याजवळ या पाण्याला दोन वाटा फुटतात, एक वसईच्या खाडीने थेट समुद्राला मिळते, दुसरी ठाण्याच्या खाडीने मुंबई बंदरात उतरते. मागे बोरघाट, माळशेज आणि नाणेघाटाच्या वाटा, पुढे समुद्र. घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल इथे नावेत चढायचा.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात कल्याणचे नाव ‘कल्लिएना’ असे येते आणि एक गमतीशीर मजकूर आहे. राजसत्ता बदलल्यामुळे या बंदरावर बंधने आली आहेत आणि इथे येणारी ग्रीक जहाजे पहारा बसवून भडोचला नेली जाऊ शकतात, असे तो सांगतो. नौका एका गावाहून दुसऱ्या गावी नेल्याची कल्याणशी जोडलेली ही बहुधा सर्वात जुनी नोंद असेल. फरक एवढाच की तेव्हा कल्याणला आलेले जहाज दुसरीकडे नेत होते, आज दुसरीकडचे जहाज कल्याणला आणले आहे. सहाव्या शतकातला कॉस्मस हा प्रवासीही कल्याणचे नाव मोठ्या बाजारपेठांत घेतो आणि इथून पितळ, काळे लाकूड व कापड जात असल्याचे नोंदवतो.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि लवकरच इथे जहाजबांधणी सुरू केली. लाकूड जवळच्या रानात होते, भरतीचे पाणी होते, कमी होती ती कारागिरांची. वसईच्या मुलखातला रुय लेतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा यांच्या हाताखाली तीनशेहून अधिक माणसे या कामावर होती. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी आणि पनवेल इथे बांधल्या जाणाऱ्या या जहाजांची काळजी दिसते. काळजी वाटणे साहजिक होते. खाडीच्या दोन्ही वाटा, वसई आणि ठाणे, पोर्तुगीजांच्या ताब्यात होत्या आणि त्यांच्या उंबऱ्यावरूनच ही जहाजे समुद्रात जाणार होती. त्यांच्या दबावामुळे व्हिएगस आणि त्याची माणसे काम सोडून निघून गेली. पण आरमार थांबले नाही. पुढे त्याच आरमाराचे सरदार म्हणून मायनाक भंडारी यांच्यासोबत दर्यासारंग आणि दौलतखान यांची नावे इतिहासात येतात. मुलांना हे जरूर सांगावे. समुद्रावरच्या कामात कोण कोणत्या मोहल्ल्यातला, यापेक्षा वारा आणि पाणी कोणाला कळते, हे महत्त्वाचे असते.

शब्दांची गोदी

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्हाला एक मजा वाटते. मराठीतली नौकानयनाची भाषा म्हणजे एक छोटे बंदरच आहे. ‘बंदर’ हा शब्द फारसी. ‘दर्यावर्दी’मधला दर्याही फारसी. ‘नाखवा’ हा फारसीतल्या नाखुदाचा मराठी झालेला मुलगा, अर्थ नावेचा धनी. ‘सारंग’ आला सरहंगवरून. ‘सुकाणू’ अरबी सुक्कानवरून आले, ‘खलाशी’ही अरबीतून. ‘गुराब’ या लढाऊ जहाजाचे नाव अरबीतल्या कावळ्याचे. खुद्द ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून घेतलेला. आणि वल्हे, शीड, भरती, ओहोटी, उधाण हे आपले इथलेच. कोणी कोणाला परके म्हणायचे? हे सगळे शब्द एकाच नावेत बसून आले आहेत. सुकाणू अरबी म्हणून नाव कधी थांबली नाही.

मग पाणी कुठे गेले?

१ मे १८५४ रोजी ठाण्यापासून कल्याणपर्यंत आगगाडी आली. पुढे रुळ घाट चढून गेले आणि बंदरात येणारा माल स्टेशनात उतरू लागला. कल्याण बंदराचे कल्याण जंक्शन झाले. खाडीत उरल्या त्या मासेमारीच्या होड्या आणि रेतीच्या नावा. आपल्या रेतीबंदर मोहल्ल्याच्या नावातच हा इतिहास आहे.

त्याच मोहल्ल्यात आम्ही मुलांना एका बुजुर्गांकडे घेऊन गेलो. रेतीच्या नावेवर तांडेल म्हणून त्यांचे उमेदीचे दिवस गेले. मुलांनी विचारले, "चाचा, भरतीची वेळ तुम्हाला कशी कळायची? तेव्हा मोबाईल कुठे होता?"

चाचा हसले. "बेटा, आमचा मोबाईल आसमानात होता. चाँद बघायचा. महिन्याची पहिली-दुसरी आणि चौदावी-पंधरावी, या दिवसांत उधाण. पाणी जोरात चढणार, भरलेली नाव आरामात काठाला लागणार. सातवी-आठवीला आणि बावीस-तेविसाव्याला भांगाचे पाणी, त्याला जोर नाही. ज्याला इस्लामी तारीख माहीत, त्याला पाणी माहीत."

मुले चकित झाली. चाँद ईद आणि रमजानसाठी बघायचा एवढेच त्यांना ठाऊक होते. त्याच चाँदवर घरची चूल चालत असे, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकले.

चाचांनी हातपाटी आणि डुबीची गोष्टही सांगितली. माणूस बांबूच्या आधाराने तळाशी बुडी मारायचा आणि बादली भरून रेती वर पाठवायचा. कानांतून रक्त यायचे. नंतर सक्शन पंप आले. माणसाच्या दिवसभराच्या कामाएवढी रेती यंत्र थोड्या वेळात ओढू लागले आणि काठ ढासळू लागले. "पाणी अजून येते," चाचा म्हणाले, "चाँदने आपली ड्यूटी सोडलेली नाही. आपणच सोडली."

या एका वाक्यात त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. नौका जमिनीवर आहे, कारण स्मारकाची देखभाल जमिनीवर सोपी असते, हे खरेच. पण ती पाण्यात का नाही, असे आपल्यापैकी कोणाला वाटतही नाही, कारण ही खाडी नावेची वाट आहे हेच आपण विसरलो आहोत. आपल्यासाठी ती पुलावरून नाक दाबून ओलांडायची जागा झाली आहे. वरच्या अंगाला उल्हास नदीवर दरवर्षी जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. हेच नदीचे पाणी आपल्या नळाला येते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. कारखान्यांचे सांडपाणी आणि शहरांचा मैला यात मोठा वाटेकरी आहे, हे कोणी नाकारत नाही. पण भरतीच्या पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या कोणाच्या? लग्नाच्या जेवणानंतरच्या थर्माकोलच्या पत्रावळी, कुर्बानीनंतर उघड्या नाल्यात टाकलेला कचरा, उत्सवानंतर सोडलेले निर्माल्य, यांचे नाव कोणाच्या खात्यावर लिहायचे? ज्या दीनमध्ये वाहत्या नदीकाठीही वुजूसाठी पाणी जपून वापरायची शिकवण आहे, त्या दीनच्या माणसांनी तरी हा हिशेब आधी आपल्या घरातून सुरू करावा.

आशेला जागा आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात कल्याण–ठाणे–मुंबई हा मार्ग, वसईची खाडी आणि उल्हास नदीसह, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून नोंदला गेला. त्याची लांबी १४५ किलोमीटर आहे. वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये फेब्रुवारी २०२४ पासून रो-रो बोट माणसे आणि वाहने घेऊन ये-जा करू लागली. म्हणजे ज्या महिन्यात टी-८० कल्याणच्या वाटेला लागली, त्याच महिन्यात त्याच खाडीच्या तोंडाशी एक बोट पुन्हा लोकांच्या रोजच्या कामाला लागली. उद्या अशीच बोट कल्याणच्या धक्क्याला लागावी, असे लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्या कोणाला वाटणार नाही? पण त्यासाठी गाळ उपसावा लागेल, नाले आवरावे लागतील आणि हे काम दरवर्षी करावे लागेल. त्याला टाळ्या मिळत नाहीत. क्रेनने नौका उचलताना बघायला गर्दी होते, गाळ उपसताना कोणी थांबत नाही.

जाणार असाल तर

कल्याण स्टेशनच्या पश्चिमेकडून दुर्गाडीला रिक्षा मिळते. मुलांना घेऊन संध्याकाळी जा, अस्र आणि मगरिबच्या मधल्या वेळेत. शक्यतो चाँदची चौदावी-पंधरावी धरा आणि निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहून घ्या. भरतीला खाडी भरून येते तेव्हा मुलांना आधी नौका दाखवा, तिचे वजन, तिचा वेग, तिची तेवीस वर्षांची सेवा सांगा. मग तिच्याकडून त्यांना पाण्याकडे वळवा. इथून खलाशी कुठे कुठे गेले असतील ते विचारा. घरात कोणी दादा-नाना नावेवर काम केलेले असतील तर त्यांना सोबत न्या आणि त्यांना बोलू द्या. त्यांच्याकडचे हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही आणि ते फार दिवस आपल्याकडे राहणारही नाही.

आमच्या वर्गाने परतल्यावर एक काम हाती घेतले आहे. वर्गातल्या भिंतीवर हिजरी कॅलेंडर आहे. त्यावर मुले रोज भरती-ओहोटीची वेळ लिहितात आणि आठवड्यातून एकदा दोघे-तिघे खाडीवर जाऊन पाणी काठाच्या कुठल्या दगडापर्यंत चढले ते बघून येतात. पाण्यावर काय तरंगत होते, तेही लिहितात. ती यादी सध्या वाचवत नाही. पण ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती यादी तीच ठेवते आणि एकही दिवस चुकवत नाही.